घरी कामाला आलेला कारागीर राजकारण बोलू लागला, तर काय करायचं?

सांगलीत मी घरदुरुस्तीची कामं घेतो. रंग, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, थोडंफार गवंडीकाम. विश्रामबागेतल्या फ्लॅटपासून गावभागातल्या जुन्या वाड्यापर्यंत सगळीकडं माझी माणसं जातात. तक्रारी येतात त्या गळतीच्या, उशिराच्या, रंगाची छटा जुळली नाही अशा. निवडणूक जवळ आली की त्यांत एक वेगळी तक्रार सुरू होते. घरमालकीणबाई फोन करून म्हणतात, "तुमचा माणूस काम कमी आणि भाषण जास्त करतोय." त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या घरचा रंगारी सांगतो, "मालक, उद्या मला तिथं पाठवू नका. काका दिवसभर आमच्या नेत्याला शिव्या घालत बसत्यात, आणि मी शिडीवर."

दोन्ही तक्रारी मी सारख्याच गांभीर्यानं घेतो. कारागिराला मत असणारच, आणि ते बोलून दाखवायचा हक्क त्याला तुमच्याइतकाच आहे. अडचण जागेची आणि पैशाची आहे. घरमालक स्वतःच्या घरातून उठून जाऊ शकत नाही आणि कारागीर काम संपेपर्यंत निघू शकत नाही. त्यात शनिवारचा हप्ता एकाच्या हातात आणि दुसऱ्याच्या घरची चूल त्याच्यावर. त्यामुळे वरवर दोघं बरोबरीनं वाद घालताना दिसले तरी बरोबरी नसते. म्हणून बोलणं सावरून घ्यायची पहिली जबाबदारी पैसे देणाऱ्याची, असं माझं ठाम मत आहे. कारागिराची जबाबदारी वेगळी आहे, तिच्यावर पुढं लिहिलंय.

आधी ओळखा, तुम्ही नक्की काय ऐकताय

सगळ्याच बोलण्याला राजकारण म्हणून कान बंद करू नका. आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नको.

जतचा बिगारी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याबद्दल बोलतो, तेव्हा तो स्वतःच्या शेताबद्दल बोलत असतो. पाणी आलं असतं तर तो कदाचित तुमच्याकडं विटा उचलायला आलाच नसता. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा माझ्याकडचे जतचे लोक आठवडाभर त्याच विषयावर होते. ते ऐकून घेण्यासारखं होतं. तसंच पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. ज्याच्या घरात पाणी शिरलं, संसार वाहून गेला, तो फरशी बसवता बसवता कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलणारच. धरणाची पाणीपातळी ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर न्यायचा कर्नाटकचा बेत आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला "राजकारण नको" म्हणून गप्प करणं म्हणजे त्याचं नुकसान नाकारल्यासारखं आहे. दोन मिनिटं ऐका, "तुमच्याकडं किती फूट होतं पाणी?" असं विचारा. उसाच्या दराचं, गावच्या सोसायटीचं, दूध संघाचं बोलणंही याच जातीचं.

दुसरा प्रकार म्हणजे नुसतं मत. अमका नेता भारी, तमका चोर. हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात सोपं हाताळता येतं.

तिसरा प्रकार प्रचाराचा. तुमच्या घरात येऊन तुमचं मत मागणं, पत्रक देणं, नगरसेवकाशी बोलणं करून देतो म्हणणं.

चौथा प्रकार एखाद्या जातीला किंवा धर्माला शिवीगाळ करण्याचा. याला मी मत म्हणत नाही आणि त्याचं उत्तरही वेगळं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इथं कोण कुणाचा हे कपाळावर लिहिलेलं नसतं. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत मुख्य लढत तिघांत झाली : भाजपचे संजयकाका पाटील, ठाकरेंच्या शिवसेनेचे चंद्रहार पाटील आणि अपक्ष विशाल पाटील. निवडून आले अपक्ष. एकाच आघाडीतली माणसं दोन बाजूंना होती, एकाच घरात दोन-दोन झेंडे होते. त्याशिवाय कारखाना, बाजार समिती, जिल्हा बँक, विकास सोसायटी, प्रत्येकाचं पॅनेल वेगळं आणि लोकसभेला एकत्र असलेले तिथं समोरासमोर. त्यामुळे कारागिराच्या गाडीवरचा स्टिकर बघून घरमालकानं आणि दिवाणखान्यातला फोटो बघून कारागिरानं अंदाज बांधला, तर तो बऱ्याचदा चुकतो. "तुम्ही आपलेच" हे वाक्य दोघांनीही टाळावं.

घरमालकासाठी : पहिल्याच दिवशी बोलून घ्या

काम सुरू व्हायच्या आधी आपण चहाच्या वेळा सांगतो, कुठलं बाथरूम वापरायचं ते सांगतो, सामान कुठं ठेवायचं ते सांगतो. त्यातच एक वाक्य घाला : "मिस्त्री, मोबाइलवर गाणी लावा, चालेल. बातम्या आणि भाषणं तेवढी नकोत, आईंना त्रास होतो." खरं कारण असेल तेच सांगा. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणालाच लागत नाही. चौथ्या दिवशी, एका विशिष्ट नेत्याचं भाषण चालू असताना तेच सांगितलं, तर कारागीर घरी जाऊन म्हणतो, "ते त्या पार्टीचे हायत."

पहिलं वाक्य जाऊ द्या, पण मान डोलावू नका

कारागीर म्हणाला, "काय साहेब, या सरकारनं वाट लावली बगा." त्यावर "असं का?" किंवा "बघू आता काय होतंय" एवढंच पुरतं. पुष्कळदा तो विषय तिथंच मरतो, कारण त्यालाही फक्त तोंड उघडायचं असतं.

केवळ भिडेखातर "हो हो, बरोबर आहे" म्हणू नका. तुम्हाला वाटतं वेळ निघून गेली. त्याला वाटतं तुम्ही पटवून घेतलं. दुपारी चहाच्या गाड्यावर तो सांगतो, "त्या बंगल्यातले आपल्याकडंच हायत." सांगली एवढी मोठी नाही; हे तुमच्या शेजाऱ्यापर्यंत दोन दिवसांत पोचतं. मग प्रचाराच्या वेळी कार्यकर्ते तुमच्या दारात, आणि खुलासा करत बसायची वेळ तुमच्यावर.

उलट बाजूनं, वाद जिंकायचा प्रयत्नही करू नका. तुमच्याकडं आकडे जास्त असतील, वर्तमानपत्र रोज वाचत असाल. तो समोर उभा राहून ऐकेल, कारण त्याला शनिवारी पैसे घ्यायचे आहेत. ते ऐकणं म्हणजे पटणं नव्हे, आणि अशा माणसासमोर वाद जिंकण्यात कसलाच मोठेपणा नाही.

बोलणं कामाकडं वळवा

यात नाटक करावं लागत नाही. कारागिराला त्याच्या कामाबद्दल खरा प्रश्न विचारा. "या कोपऱ्यात ओल परत येईल का हो? मुळात येते कुठून?" असं विचारलं की चांगला मिस्त्री हातातलं काम ठेवून भिंतीला कान लावतो, वरचं बाथरूम कुठं आहे ते विचारतो, पाइप कुठून गेलाय ते सांगतो. राजकारण मागं पडतं आणि तुम्हाला तुमच्या घराबद्दल चार गोष्टी कळतात. मी माझ्या सगळ्या ग्राहकांना हेच सांगतो, कारण आपल्याकडं कारागिराला त्याच्या कामाचं कुणी विचारतच नाही. दर विचारतात, कधी संपणार ते विचारतात. त्याच्या कसबाबद्दल बोलायला मिळालं तर त्याला नेत्यांची गरज फारशी उरत नाही.

वेळ मात्र पाळा. पाण्यात कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत घट्ट व्हायला लागते. पाटीत पुट्टी भरलेली, रंगारी पत्रा हातात धरून उभा आणि खुर्चीत बसलेले काका त्याला आणीबाणी समजावून सांगतायत, हे मी एका घरी डोळ्यांनी बघितलंय. काकांचं संपेपर्यंत पाटीतल्या मालाला गाठी धरल्या. रंगाऱ्यानं वरून पाणी मारून तो परत ढवळला, तसाच भिंतीवर ओढला, आणि सुकल्यावर त्या पट्ट्यावर बोट फिरवलं की पीठ हाताला यायला लागलं. तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा लागला. बोलणारा घरमालक असला, की कारागीर "काका, थांबा जरा" असं म्हणू शकत नाही. तुम्हीच थांबायला हवं.

वायरमनच्या बाबतीत तर ही सुरक्षेची गोष्ट आहे. त्याचा हात डीबीमध्ये, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत असताना, कोण शिडीवर असताना, ग्राइंडर चालू असताना कुठलाही विषय काढू नका. राजकारण तर नकोच, कारण त्यात माणूस मान वळवून उत्तर देतो.

तरी थांबत नसेल, तर सरळ सांगा, पण एकट्याला

"मामा, एक सांगू का? आम्ही घरात राजकारण काढत नाही. आमच्यातच दोन बाजू आहेत, जेवताना भांडणं होतात." बहुतेक घरांत हे खरंच असतं, त्यामुळे बोलायला जड जात नाही. मामा, दादा, मिस्त्री, जे रोज म्हणता तेच म्हणा. एरवी "दादा" आणि आज अचानक "अहो मिस्टर" असं केलंत की तो समजतो तुम्ही चिडलात.

त्याच्या हाताखालच्या पोरासमोर हे सांगू नका. मिस्त्रीची पत त्या पोरासमोरच असते. पाणी द्यायच्या निमित्तानं बाजूला बोलवा, सांगा, आणि लगेच दुसरं काहीतरी बोला.

एवढ्यानं नव्वद टक्के वेळा भागतं, असा माझा अनुभव. नाहीच भागलं तर ठेकेदाराला फोन करा. फोनवर "याला काढून टाका" म्हणू नका. काय झालं तेवढंच सांगा : "काम चांगलं आहे, पण बोलणं थांबत नाही, जरा समजवा." माणूस बदलून द्यायचा की समजवायचा हे ठेकेदार ठरवेल. तक्रारीत कामाची आणि बोलण्याची सरमिसळ झाली तर मला काहीच करता येत नाही. फरशीचा उतार चुकला असेल तर उतार चुकला म्हणा. त्याचं मत आवडलं नाही म्हणून उतारात खोट काढू नका.

जातीवर, धर्मावर शिवीगाळ झाली तर

इथं वाट बघायची नाही, विषय वळवायचा नाही. तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, एकच वाक्य : "हे माझ्या घरात बोलायचं नाही." आवाज चढवायची गरज नाही, पुढं व्याख्यानाचीही नाही.

सगळ्यांसमोरच का, तर त्या खोलीत कोण कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. एका साईटवर रंगारी बोलत सुटला होता आणि त्याला माल कालवून देणारा पोरगा त्याच समाजाचा होता, ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं. पोरगा काही बोलला नाही. त्यानं पाटी खाली ठेवली, हात पुसले आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. घरच्या वहिनींनी ते बघितलं. त्या बाहेर आल्या, रंगाऱ्याला ते एक वाक्य ऐकवलं, मग जिन्यात जाऊन पोराला म्हणाल्या, "ये बाळा, चहा घे." त्या दिवसापासून त्या घराबद्दल माझ्या मनात आदर आहे. ती गोष्ट बाजूला नेऊन हळूच सांगितली असती, तर त्या पोराला कधीच कळलं नसतं की कुणीतरी त्याच्या बाजूनं बोललं.

मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल झाली, तिचे चटके ज्यांनी सोसले ती कुटुंबं इथंच आहेत. त्यांच्यातली माणसं तुमच्या घरी फर्निचर करायला, एसी बसवायला, पडदे शिवायला येतात. हे आपल्या शहरात तरी कुणी विसरू नये.

सांगूनही पुन्हा तेच झालं, तर त्या दिवसापुरतं काम थांबवा. त्या दिवसाची हजेरी पूर्ण द्या आणि ठेकेदाराला माणूस बदलायला सांगा. पैसे कापून शिक्षा करू नका. पैसे कापले की भांडण पैशाचं होतं आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

आणि हेच घरमालकानं केलं तर? कारागिरानं सामान गोळा करावं, मला फोन करावा आणि निघावं. त्या दिवसाची हजेरी मी देतो. माझ्या माणसांना मी हे आधीच सांगून ठेवलंय आणि प्रत्येक ठेकेदारानं सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असा आधार नसेल तर माणूस गिळून काम करत राहतो.

"भाऊंना फोन लावू का?"

सांगलीत हा प्रसंग इतक्या वेळा येतो की यावर थोडं जास्त लिहितो. प्लंबर येतो, नळाला पाणी का कमी येतंय ते बघतो आणि सांगतो, घरातली लाईन चांगली आहे, अडचण महापालिकेच्या लाईनला आहे. इथपर्यंत तो त्याचं काम करतोय. मग म्हणतो, "मी भाऊंना फोन लावतो, उद्याच माणूस येईल. आपलेच हायत."

त्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. त्याला खरंच वाटतं की ओळखीनं काम लवकर होतं, आणि पुष्कळदा होतंही. पण फोन लागला की त्या कामाची नोंद कुठंतरी होते. निवडणुकीत तेच भाऊ दारात आले, की तुम्हाला त्यांच्याशी नुसत्या मतदाराच्या नात्यानं बोलता येत नाही.

माझा सल्ला असा. फोन लावायच्या आधी त्याला विचारा, "अर्ज कुठं द्यायचा असतो याचा?" प्लंबरला ते माहीत असतं. पाणीपुरवठ्याकडं अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. आठवड्यात कुणी आलं नाही तर नगरसेवकाकडं तुम्ही स्वतः जा, पोच दाखवा. ते लोकप्रतिनिधी आहेत, हे त्यांचं काम आहे, आणि तुम्ही त्यांना मत दिलं की नाही याचा इथं संबंध नाही. प्लंबरला म्हणा, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मी अर्ज देतो." म्हणजे त्याची मदतही नाकारली जात नाही.

प्लंबर, वायरमन भावांना सांगणं : "हे चेंबर महापालिकेचं आहे, अर्ज द्या" हे सांगणं तुमच्या कामाचा भाग आहे. ग्राहकानं विचारल्याशिवाय नेत्याला फोन लावणं हा नाही.

कारागिरासाठी : दुसऱ्याच्या घरात असताना

पक्षाचा गमछा, टोपी, बिल्ला घरात जाताना काढून डिकीत ठेवा. गाडीवरचा स्टिकर असू दे, गाडी तुमची आहे.

मोबाइल स्पीकरवर लावून गावाकडच्या पॅनेलची चर्चा करू नका. घरातली म्हातारी माणसं, अभ्यास करणारी पोरं सगळं ऐकत असतात.

ग्राहकाचा नंबर तुम्हाला नळ दुरुस्तीसाठी मिळाला आहे. तो पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला घालायचा नाही, कार्यकर्त्याला द्यायचा नाही. ही गोष्ट मी सगळ्यात कडक पाळायला लावतो, कारण एकदा हा विश्वास गेला की ग्राहक दुसऱ्याला बोलावतो आणि का ते सांगतही नाही. तसंच ग्राहकाच्या घराचा, आतल्या खोल्यांचा फोटो राजकीय मजकूर टाकून स्टेटसला लावू नका.

ग्राहक स्वतःच खोदून विचारू लागला, "मग, तुमच्याकडं वारं कुणाचं?" तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही. "काका, आमी रोज चार घरात जातो, चार वारी असत्यात" म्हणा आणि हात चालू ठेवा. हात चालू ठेवणं महत्त्वाचं. हात थांबला की समोरच्याला वाटतं गप्पा रंगल्या. त्यानं फारच लावून धरलं, तर "मत पेटीत टाकलं की मी विसरतो बगा" असं म्हणून मोकळं व्हा. खोटं मत सांगून ग्राहकाला खूश करायच्या फंदात पडू नका. आज एका घरी एक आणि उद्या त्याच गल्लीत दुसऱ्या घरी दुसरं बोललात, की दोन्ही घरांत तुमचा शब्द हलका होतो, आणि मग "गळती परत होणार नाही" हा शब्दही कुणी मानत नाही.

ग्राहक आणि तुम्ही एकाच बाजूचे निघालात, तर जास्त सांभाळा. तिथं तासन्‌तास गप्पा होतात, काम लांबतं, आणि शेवटी तोच ग्राहक म्हणतो, "दोन दिवसांचं काम चार दिवस केलं." चहाच्या दहा मिनिटांत बोला, कप ठेवला की विषय ठेवा.

सलूनचं आणि वडापचं, म्हणजे शेअर जीपचं, गणित निराळं आहे. तिथं चार लोक बसलेले असतात, बोलणं चावडीसारखं सगळ्यांचं असतं आणि ज्याला नको तो उतरून जातो किंवा पेपर उघडतो. तरीही मानेवर वस्तरा असताना गिऱ्हाईकाला मत विचारू नये, एवढं मी नक्की म्हणेन.

रोजच्या घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, आजारी माणसाला सांभाळणारे

यांचं नातं आठ दिवसांचं नसतं. मावशी दहा-दहा वर्षं येतात, घरातल्या लेकीबाळींची बाळंतपणं त्यांनी बघितलेली असतात. त्यांच्याशी बोलण्यावर बंदी घालणं विचित्र होईल आणि तशी गरजही नाही. पण इथं उलटा धोका असतो : घरमालकाचं मत हळूहळू त्यांच्यावर लादलं जातं. "यावेळी याला मत द्या हं मावशी" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्यसुद्धा त्यांच्या दृष्टीनं हुकूम असू शकतं. कुणाला मत द्यायचं ते सांगू नका, कुणाला दिलं ते विचारू नका, आणि मतावर बोनस किंवा सुट्टी अवलंबून आहे असं चुकूनही सुचवू नका. मतासाठी धमकावणं किंवा लालूच दाखवणं हा गुन्हा आहे, आणि तो घराच्या चार भिंतींतही गुन्हाच.

त्यांना कुठल्या योजनेचे पैसे मिळतात, त्या मेळाव्याला जातात, सभेला गाडीतून नेतात, यावरून हिणवू नका. पंधराशे रुपये तुमच्यासाठी किती आणि त्यांच्यासाठी किती, हा हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो.

आजारी माणसाजवळ दिवसभर बसणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगा. अंथरुणाला खिळलेले आजोबा चिडले की त्यांचा रक्तदाब वाढतो. त्या खोलीत हा विषय नको, दोन्ही बाजूंनी नको. आजोबांनाही सांगा.

मतदानाचा दिवस आणि पैसे

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५ख प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, आणि ही तरतूद रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. आपल्या धंद्यात ही गोष्ट फार थोडे ठेकेदार पाळतात. "खाडा पडला" म्हणून हजेरी बुडवतात. घरमालकांनी ठेकेदाराला विचारावं, "उद्या मतदान आहे, पोरांची हजेरी देताय ना?" तुम्ही विचारलंत तर देतात. महापालिका, जिल्हा परिषदेच्या मतदानालाही तोच रिवाज ठेवा, आणि घरकामाच्या मावशींना कायद्याकडं न बघता सुट्टी द्या.

आटपाडीचा, जतचा माणूस मतदानाला गावी गेला की त्याचा पूर्ण दिवस जातो. त्या दिवशी स्लॅब टाकायची तारीख धरू नका, बाथरूम उघडं पाडून ठेवू नका. उत्तर प्रदेशातले, बिहारमधले सुतार गावी मत द्यायला जायचं म्हणाले तर त्यात आठवडा जातो. ते काम सुरू करतानाच विचारून घ्या, म्हणजे अर्धवट कपाट राहिल्याचा राग नंतर त्यांच्यावर निघणार नाही.

हिशेबाच्या दिवशी राजकारणाचा शब्द काढू नका. उचल वजा करा, उरलेले पैसे मोजा, हातात द्या. "घ्या, आता तुमच्या साहेबांना सांगा किती दिले ते" असलं काही बोलू नका. माझ्या रंगाऱ्याला एका घरी असं ऐकावं लागलं. पैसे पूर्ण मिळाले होते, काम चांगलं झालं होतं, पण तो माणूस आजही त्या घरी जायला तयार नाही.

काम संपल्यावर त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसत राहतं, तुमचंही त्याला दिसतं. सणाच्या शुभेच्छांच्या मध्ये एखाद्या नेत्याचा वाढदिवस असतो. तो त्याचा मोबाइल आहे. त्यावर उत्तर देऊ नका, पुढच्या भेटीत त्याचा विषय काढू नका. नको वाटलं तर स्टेटस म्यूट करा.

निकालाच्या दिवशी रंगाचा शेवटचा हात ठेवू नका, हे मी माझ्या अंदाजपत्रकातच लिहितो. दुपारी बाराला मिरवणूक निघते, पोरं खाली बघायला जातात, येताना केसांत, कपड्यांवर गुलाल घेऊन येतात आणि ओल्या भिंतीला तो लागला की नुसता पुसून जात नाही. त्या दिवशी सकाळी घासाई किंवा प्रायमरचं काम उरका, दुपारनंतर पोरांना मोकळं सोडा, आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायला सांगा. कोण हरलं, कोण जिंकलं ते तोवर सगळ्यांना कळलेलं असतं, तेव्हा घरात शिरताना तो विषय दोघांनीही काढायचं कारण उरत नाही.